गावाचे पुस्तक पारखताना

गेल्या अंकात या सदरातून आम्ही वाचकांपुढे एक विचारणा ठेवली होती : स्थानिक इतिहासाचे किंवा अन्य कोणत्याही माहितीपर विषयाचे पुस्तक आपण दुकानात अथवा वाचनालयात चाळता, तेव्हा त्यात नेमके काय पाहता? अपेक्षा उत्तरांची होती. आले ते बहुतेक प्रश्नच, आणि तेही मुख्यतः सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, आणि लांब पत्रे आशयाला धक्का न लावता आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझे वडील गिरणी कामगार होते. ते गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत सोलापूरविषयीची चार पुस्तके मिळाली. पहिल्यात म्हटले आहे की सोळा गावे मिळून ‘सोलापूर’ झाले. दुसऱ्यात ही व्युत्पत्ती चुकीची ठरवली आहे. तिसऱ्यात दोन्ही मते एकाच पानावर आहेत आणि चौथ्यात या विषयाला हातच घातलेला नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला वाचक आहे. अशा वाचकाने कोणत्या पुस्तकावर भरवसा ठेवावा आणि कशाच्या बळावर? (जुळे सोलापूर)

उत्तर : चार पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, हेच अर्धे काम झाले. आपल्याकडे गावाच्या इतिहासाचे पुस्तक प्रकाशनाच्या दिवशी हारतुऱ्यांसह घरी येते आणि काचेच्या कपाटात जाते. दुसऱ्या पुस्तकाशी त्याची गाठ पडतच नाही.

आधी नावाचा प्रश्न घेऊ. सोळा गावांची म्हणून जी यादी सांगितली जाते, तिच्यात आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, खादरपूर, राणापूर, शेखपूर अशी नावे येतात. ही यादी सावकाश वाचली तर दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे, या सोळांमध्ये खुद्द ‘सोलापूर’ हेही एक गाव म्हणून मोजलेले आहे. सोळांच्या बेरजेमुळे हे नाव पडले असेल, तर बेरीज होण्याआधीच त्यांतल्या एका गावाला ते कसे काय होते, याचा खुलासा यादीत नाही. दुसरे म्हणजे, ‘सोनलगी’ आणि ‘संदलपूर’ ही नावेही तिच्यात स्वतंत्र गावे म्हणून येतात, आणि शिलालेखांकडे वळल्यावर ती याच शहराची जुनी नावे म्हणून आपल्यासमोर उभी राहतात. एकाच माणसाचे पाळण्यातले नाव, घरचे नाव आणि शाळेतले नाव लिहून तीन माणसे मोजावीत, तसा हा प्रकार दिसतो.

आता शिलालेखांचा पुरावा. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, सिद्धरामेश्वरांशी संबंधित लेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. त्याचा पुढे ‘सोन्नलगी’ असा उच्चार झाला आणि यादवकाळापर्यंत तोच चालत राहिला. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इसवी सन १३१६ च्या सुमाराच्या, संस्कृत शिलालेखात ‘सोनलीपूर’ असे नाव मिळते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर त्याच किल्ल्यातील विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’ आहे. पुढे मधला ‘न’ गळून पडला आणि ‘सोलापूर’ उरले; इंग्रजी दप्तराने त्याचे ‘शोलापूर’ केले, ते आपल्या आजोबांच्या पिढीने टपालाच्या शिक्क्यांवर पाहिले आहे.

तेव्हा आपल्या चारांपैकी दुसरे पुस्तक सरस आहे. मात्र ते मला सरस वाटते ते निष्कर्षासाठी नव्हे. कोणता दगड, कोणत्या गावात, कोणत्या शकाचा, हे ते सांगत असेल, तर लेखकाचे म्हणणे पटले नाही तरी आपण एस.टी.त बसून कामतीला जाऊ शकतो आणि लेखकाशी भांडू शकतो. पहिल्या पुस्तकाशी भांडायलाही जागा नाही. ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांच्या पलीकडे तेथे कोणी बसलेलेच नाही. तिसऱ्या पुस्तकाने दोन्ही मते दिली हा उदारपणा झाला, परंतु लेखकाला स्वतःला त्यांतले कोणते पटते आणि का, हे न सांगता दोन्ही बाजू मांडणे म्हणजे वाचकाला चौकात सोडून निघून जाणे होय.

हीच कसोटी आपण १९३० च्या प्रकरणाला लावून पाहा, कारण त्या विषयावर लिहिले नाही असे सोलापूरचे पुस्तक विरळाच. महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात शहरातील ब्रिटिश अंमल अक्षरशः नाहीसा झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला; मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा येथे फाशी देण्यात आली. येथवर सर्व पुस्तके एकमुखाने बोलतात. पण सोलापूर किती दिवस स्वतंत्र होते, असे विचारले की कोठे तीन दिवस लिहिलेले असते, कोठे चार. ही तफावत म्हणजे कोणाचा खोटेपणा नव्हे. ९ मे पासून मोजायला सुरुवात केली आणि मार्शल लॉचा दिवस धरला की चार होतात, सोडला की तीन. ज्या लेखकाने मोजणी कोठून कोठे केली हे एका वाक्यात नोंदवले, त्याचे पुस्तक ठेवावे. ज्याने नुसता आकडा ठोकून दिला, त्याने इतर ठिकाणीही तसेच केले असणार, असे धरून चालायला हरकत नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी एका पेठेवर चार पानांचा लेख लिहिला होता. पेठेतला जुना आड दुष्काळात खणला गेला, असे तेथल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला ओसरीवर बसून सांगितले. कोणता दुष्काळ, हे मी विचारले नाही. १८७६-७७ चा दुष्काळ सर्वांच्या ओठांवर असल्याने तेच साल घालून मोकळा झालो. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी एका जाड पुस्तकात तो आड त्याच सालासह मला भेटला. लेखकमहाशयांना विचारले, तेव्हा ते ठामपणे म्हणाले, “छापील आधार आहे. एका जुन्या स्मरणिकेत आलेले आहे.” तो छापील आधार मीच होतो. आजही त्या आडाचे साल मला ठाऊक नाही, आणि ते पुस्तक मात्र अनेक घरांत आहे.

दुकानात उभ्या उभ्या पाहण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. पुस्तक मागून उघडावे. शेवटी नामसूची आणि स्थलसूची नसेल, तर चारशे पानांच्या पुस्तकात आपल्या पेठेचा उल्लेख शोधण्यासाठी चारशे पाने उलटावी लागतील, आणि लेखकाने स्वतः ते पुन्हा एकदा सलग वाचले नसावे अशी शंका येते, कारण सूची करताना लेखकाला आपल्याच नावांतल्या आणि सनावळीतल्या चुका सापडतात. दुसरी गोष्ट नकाशा. किल्ला, सिद्धेश्वर तलाव, बाळीवेस, रेल्वे स्टेशन यांचे परस्परांतील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला नकाशाची गरज भासत नाही. पण नातवाला पुण्यात पुस्तक पाठवायचे असेल तर त्याला ती भासते. कागद कसा आहे आणि मुखपृष्ठ किती चकाकते, याकडे मी पाहत नाही.

प्रश्न : माझे माहेर आणि सासर दोन्ही पूर्व भागातले. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळेत मी मराठी शिकवते. आजोबांनी आयुष्यभर माग चालवला आणि आजीने विड्या वळल्या. सोलापूरवरचे कोणतेही पुस्तक उघडले की किल्ला, सिद्धेश्वर, मार्शल लॉ आणि थोर व्यक्तींची छायाचित्रे. आम्ही या शहरात राहत होतो, याची नोंद कोणी घेणार आहे की नाही? (अशोक चौक परिसर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे एक कारण असे की तटबंदी मोजणे सोपे असते. तिच्यावर लेख कोरलेला असतो, तिला बुरूज असतात, ती पळून जात नाही. माग मात्र विकला जातो, कारखान्याच्या जागी इमारत उभी राहते आणि ज्याला सर्व माहीत होते तो माणूस एके दिवशी जातो.

दुसरे कारण भाषेचे आहे आणि त्याबद्दल आम्ही लिहिणारे मंडळी फारसे बोलत नाही. या शहराचे आराध्य असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत. पद्मशाली समाजाच्या घरांतील आणि संस्थांमधील जुनी पत्रे, लग्नपत्रिका आणि हिशेब तेलुगूत आहेत. कित्येक घराण्यांचे कागद उर्दूत आणि फारसीत, जुने मराठी दप्तर मोडीत. केवळ बाळबोध मराठी आणि इंग्रजी वाचणारा लेखक सोलापूरवर लिहायला बसला, तर तो वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत डोकावून संपूर्ण वाड्याचे वर्णन करू लागतो. म्हणून अशा पुस्तकात ऋणनिर्देशाचे पान मी आवर्जून वाचतो. मदत करणाऱ्यांत तेलुगू किंवा कन्नड वाचून देणारे कोणी आहे का, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

आता, आपल्याला हवे असलेले पुस्तक कसे असावे, याविषयी. रेल्वे १८६० मध्ये सोलापुरात आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या; ही सनावळी आवश्यक आहे आणि ती बहुधा सापडते. सापडत नाही ते काम. चादरीचेच घ्या. मागाच्या माथ्यावर जेकार्ड बसवलेले असते आणि त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. आधी नक्षी चौकटींच्या कागदावर रंगवून घ्यायची, मग त्या कागदावरच्या एकेका आडव्या ओळीप्रमाणे एकेका कार्डाला भोके पाडायची. जेथे भोक असेल तेथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जेथे नसेल तेथला खाली राहतो, आणि मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो. एका कार्डात चूक झाली तर चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या मानेला त्याच जागी खोट येते. हे वर्णन पानभरात मावते. ते लिहिण्यासाठी मात्र लेखकाला यंत्रमागाच्या खडखडाटात दोन-चार दिवस उभे राहावे लागते आणि कांडी भरणाऱ्या बाईंशी ओरडून बोलावे लागते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाक्य तेवढे सर्व पुस्तकांत असते, कारण ते बातमीतून उचलता येते.

विड्यांबाबतही तेच आहे. कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ही मोठी घटना आहे आणि ती नोंदली जाते. परंतु तेंदूची पाने भिजवून कातरणे, हजाराच्या हिशेबाने मजुरी, परत केलेल्या विड्यांवरून होणारी वादावादी आणि सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईशेजारी अभ्यास करणारी मुलगी, हे आपल्याइतके जवळून कोणी पाहिले आहे? आपण शिक्षिका आहात. आजींचे सांगणे तेलुगूतच उतरवून घ्या आणि त्याखाली तारीख घाला. मराठी नंतर करता येईल.

एक सावधगिरी मात्र सुचवतो. आपापल्या समाजाचा इतिहास म्हणून जी पुस्तके निघतात, त्यांतही शेवटी अध्यक्ष, चिटणीस आणि देणगीदार यांचीच छायाचित्रे भरतात. किल्ल्याच्या जागी सभागृह आले, एवढाच फरक होतो.

प्रश्न : रद्दीच्या दुकानात जुन्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ किलोवर मिळतात. घ्याव्यात का? घरचे हसतात. (बार्शी)

उत्तर : गौरवग्रंथ चाळून घ्या, स्मरणिका न चाळता घ्या. स्मरणिकेतील लेख बहुधा वाचण्याजोगे नसतात, पण तिच्या मागच्या पानांतील जाहिरातींना तोड नाही. कोणत्या साली कोणत्या गल्लीत कोणते दुकान होते, त्याचा टेलिफोन क्रमांक किती आकडी होता, कापडाला आणि सायकलीला काय दर होता, हे दुसरीकडे कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि जाहिरातदार स्वतःच्या पत्त्याबाबत सहसा खोटे बोलत नाही. आपल्या बार्शीला तर १८९७ पासून अडीच फुटी रुळांची स्वतःची रेल्वे होती. तिची जुनी वेळापत्रके, मालवाहतुकीच्या पावत्या असे काही हाती लागले, तर घरच्यांच्या हसण्याकडे लक्ष देऊ नये.

प्रश्न : मी आमच्या गावाचा इतिहास लिहीत आहे. प्रत्येक गोष्टीला पुरावा हवा असे आपण या सदरात वारंवार लिहिता. मग आम्ही दामाजीपंतांचे काय करायचे? त्यांची कथा गाळली तर गावात कोणी पुस्तक हातात धरणार नाही. (मंगळवेढा)

उत्तर : गाळू नये. मंगळवेढ्याच्या इतिहासातून दामाजीपंत गाळणारा लेखक इतिहासाची सेवा करत नाही. कथेला कथेच्या जागी मान द्यावा आणि कागदाला कागदाच्या जागी, एवढेच आमचे म्हणणे असते.

बहामनी अमलातील अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली आणि बिदरच्या दरबारात विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन त्यांचे देणे फेडले, ही कथा अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती अठराव्या शतकात संतचरित्रकार महिपतींनी विस्ताराने गायली. आता पाहा, ‘महिपतींच्या काळापर्यंत ही कथा या स्वरूपात रूढ झालेली होती’ हे विधान पूर्णपणे साधार आहे, आणि ते लिहिताना श्रद्धेला कोठेही ओरखडा उठत नाही. गावात आज कथेत कोणती भर घातली जाते, कोणती जागा कोठार म्हणून दाखवतात, दाखवणारे कोण, हे सर्व नोंदवावे. गावकूस कोसळून चोखोबांचा अंत मंगळवेढ्यात झाला, या परंपरेविषयीही असेच करता येईल. वाचकाला केवळ इतके कळले पाहिजे की अमुक वाक्य लेखकाने कागदात वाचले, तमुक वाक्य कीर्तनात ऐकले आणि तिसरे त्याने स्वतः तर्काने बांधले. तीन शाई वापरता आल्या असत्या तर बरे झाले असते. त्या वापरता येत नाहीत म्हणून वाक्यरचनेने ते काम करावे.

कागदांविषयी एक सूचना. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा खंड १८८४ साली निघाला आणि आजही आमच्याकडचे सर्व लेखक त्याच्यावरच गुजराण करतात. तो मोलाचा आहे, शेती, बाजार, हस्तव्यवसाय आणि दुष्काळ यांची त्यातील माहिती अन्यत्र मिळणे कठीण. तथापि तो राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहवून घेतला आहे, हे विसरू नये. शिवाय मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होते. त्यामुळे आपल्याला सोलापूरच्या दप्तराइतकेच सांगली संस्थानचे दप्तर पाहावे लागेल. पेशवे दप्तरासाठी पुण्याचे पुरालेखागार आहे, आणि मोडी येत नसल्यास वाचून देणारी माणसे आता पुष्कळ तयार झाली आहेत.

आपल्या भागात बैलावर किंवा गाडीने येणारे हेळवी अजून घराण्यांच्या वंशावळी सांगतात. त्यांच्या वह्यांची छायाचित्रे परवानगीने घेता आली तर घ्यावीत. सांगितलेली पिढ्यांची संख्या जशीच्या तशी खरी धरू नये, पण कोणते घराणे कोठून आले याविषयी त्यांच्याकडे जे मिळते ते सरकारी दप्तरात नसते.

आणि गावातले दगड पाहा. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. पिढ्यान्पिढ्या लोक त्याच्याखालून दर्शनाला जात होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, तेव्हा मराठीच्या आद्य लेखांच्या चर्चेत त्याची गणना होऊ लागली. त्यात ‘वाचणारा विजयी होवो’ अशा अर्थाची ओळ आहे. हजार वर्षांपूर्वी ज्याने ती कोरवली, त्याने वाचकाचा विचार केला होता. आपल्या पुस्तकाला सूची जोडण्याइतका विचार आपणही करावा, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी इतिहासाची पुस्तके फारशी वाचत नाही. स्वयंपाकाची, शेतीची आणि औषधोपचाराची घेते. तुमची कसोटी त्यांना लागू पडते का? (अक्कलकोट तालुका)

उत्तर : पडते, आणि तेथे निकाल लवकर लागतो, कारण चुकीच्या सनावळीने कोणाचे जेवण बिघडत नाही.

शेंगाचटणीचे उदाहरण घ्या. बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते की शेंगदाणे भाजून त्यात लसूण, तिखट, मीठ आणि जिरे ‘चवीनुसार’ घालून बारीक करावे. असे करून जे तयार होते तो शेंगदाण्याचा कूट. ज्याने ती चटणी उखळात कुटताना पाहिली आहे तो वेगळे लिहितो : दाणे मंद आचेवर साल सुटेपर्यंत भाजावेत, गार करून साले पाखडावीत, आणि कुटताना एक वेळ अशी येते की कोरडा भुगा मुसळाला चिकटू लागतो, कडेने तेलकट चमक दिसते आणि वास पालटतो, तेथे थांबावे. मिक्सर वापरायचा असेल तर तो सलग न फिरवता थांबून थांबून फिरवावा. ‘तेथे थांबावे’ हे दोन शब्द ज्या पुस्तकात आहेत ते पैसे देऊन घ्यावे. उरलेली पुस्तके एकमेकांवरून उतरवलेली असतात, आणि हे ओळखण्याची खूण अशी की त्यांतली चूकही समान असते.

शेतीच्या पुस्तकात प्रथम हे पाहावे की लेखक कोणत्या जमिनीबद्दल आणि कोणत्या पावसाबद्दल बोलत आहे. आपल्याकडची मालदांडी ज्वारी खोल काळ्या जमिनीत, परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलीवर रब्बीत पोसते; हलक्या मुरमाड रानाचा किंवा बागायतीचा अनुभव असलेल्या लेखकाचा सल्ला त्याच्या शिवारात अचूक असेल आणि आपल्या शिवारात नुकसानीचा ठरेल. ‘आपल्याकडे’ हा शब्द पुस्तकात आला की आपल्याकडे म्हणजे नेमके कोठे, असे मनात विचारावे. पुस्तकाची आवृत्ती कोणत्या सालची आहे हेही पाहावे, कारण बी-बियाणे आणि फवारणीची औषधे बदलत राहतात. इतिहासाचे पुस्तक जुने असणे हा गुण ठरू शकतो, फवारणीच्या तक्त्याबाबत तो दोष आहे.

औषधोपचाराच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात : डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे जे पुस्तक सांगत नाही ते घरात ठेवू नये.

जुळे सोलापूरच्या वाचकांनी आपल्या पत्राला एक ता. क. जोडला आहे. ट्रंकेत पुस्तकांखाली वडिलांचे हजेरीचे कार्ड, पगाराच्या काही पावत्या, संपाच्या काळातले एक हस्तपत्रक आणि गिरणीच्या दारात काढलेला सतरा जणांचा फोटो आहे. हे कोणाला द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

सध्या कोणालाही देऊ नये. आधी सर्व कागदांची छायाचित्रे काढून एक संच घरात आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावा. मग हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारावे की अशा वस्तू ते कोठे ठेवतात आणि पाहायला मागितल्या तर दाखवतात का. ठेवण्याची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मूळ कागद हातातून सोडू नयेत. पावत्यांना टाचण्या किंवा स्टेपल असतील तर त्या हलकेच काढाव्यात, कारण त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. कागद फाटला असला तरी चिकटपट्टी लावू नये.

फोटोचे काम मात्र या आठवड्यातच करावे. वडिलांच्या सोबतचे जे कोणी हयात असतील, त्यांच्याकडे तो घेऊन जावे आणि सतरांपैकी जितकी नावे मिळतील तितकी विचारून घ्यावीत, टोपणनावे आणि कोणत्या खात्यात काम होते तेही. ती फोटोच्या मागे उभे असलेल्या क्रमाने, मऊ शिसपेन्सिलीने, फार दाब न देता लिहावीत. बॉलपेन वापरू नये. त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.